शेवटची गाडी कितीची?

महाविद्यालयाचे मूल्यांकन करताना ‘नॅक’ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेते. विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असे तिचे नाव. वीस प्रश्न पर्यायांचे, एकविसावा मोकळ्या उत्तराचा. अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापनात न्याय होतो का, हे सगळे तिच्यात विचारले जाते. विद्यार्थी वर्गापर्यंत पोचतो कसा, घरून किती वाजता निघतो, दिवेलागणीच्या आत परत पोचतो का, यावर एकही प्रश्न नाही. प्रश्नावली शिकवण्यापुरती आहे, तिच्यात गाड्यांचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण जिच्या गावाची गाडी सव्वाला सुटते आणि त्यानंतरची थेट साडेपाचला आहे, त्या मुलीचा दीडचा तास रोज बुडतो. शिकवणे आणि गाडी या दोन गोष्टी तिच्या दिवसात वेगळ्या काढता येत नाहीत.

शहरात हा विषय निघाला की बोलणे लगेच ॲपच्या रिक्षांवर आणि मेट्रोवर जाते. तिकडे मी येणारच आहे. पण अपडाऊन करणाऱ्यांची खरी गर्दी तालुक्याच्या स्थानकावर असते, म्हणून आधी तिथे.

दुपारी बारा ते दोन या वेळात कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्थानकात जाऊन बसावे. सकाळचे कॉलेज सुटलेले असते. फलाटाला गाडी लागायच्या आत खिडक्यांमधून सॅक, रुमाल, वही, जे हाताशी असेल ते आत पडते आणि जागा धरली जाते. पासवाले शेवटी चढा, असा दम कधी कंडक्टर देतो, कधी प्रवासीच देतात. फेरी रद्द झाली तर ते मोठ्याने जाहीर होतेच असे नाही. बऱ्याचदा ते वाट बघूनच कळते. मग चौकशीच्या खिडकीशी घोळका होतो, वाहतूक नियंत्रक डोके वर न काढता पुढच्या गाडीची वेळ सांगतो, आणि घोळका परत बाकांवर येऊन बसतो. या मुलांशी बोलताना गर्दीची तक्रार फारशी ऐकू येत नाही. फाटलेली सीट, गळणारे छत, खिळखिळ्या खिडक्या यांचीही येत नाही. उभ्याने तासभर जाणे त्यांनी गृहीतच धरलेले आहे. तक्रार एकाच गोष्टीची असते. गाडी येईल की नाही, हे कळत नाही.

समाधानाचे मोजमाप करायचे झाले तर माझ्या मते ते इथून करावे. सकाळची गाडी चुकली तर एक तास बुडतो. संध्याकाळची चुकली तर घरी फोन जातो, कुणीतरी मोटारसायकल काढतो, फाट्यावर येऊन उभा राहतो, आणि मुलगी असेल तर त्या रात्री घरात तिच्या कॉलेजवरच चर्चा होते. दोनतीनदा असे झाले की चर्चेचा निकाल लागतो. अशी सुटलेली मुलगी पुढच्या वर्षीच्या कोणत्याही सर्वेक्षणात नसते. प्रश्न विचारले जातात ते पोचलेल्यांना.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्यानंतरच्या तीसचाळीस वर्षांत महाराष्ट्रात तालुक्यातालुक्याला कॉलेजे निघाली, ती एका अर्थाने एसटीच्या भरवशावर निघाली. कॉलेजला वसतिगृह नसले तरी चालायचे, कारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यातली गावे एसटीने जोडलेली होती. यात मुक्कामी गाडीचे महत्त्व फार मोठे. रात्री गावात येऊन थांबणारी, चालक-वाहक मंदिरात नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपणारे, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघणारी. साडेसातचे कॉलेज गाठायचे तर गावातून सहाला निघायला हवे, आणि सहाला गावातून निघायचे तर गाडी रात्रीच गावात हवी. ही साखळी इतकी साधी आहे. कोरोनापूर्वी एसटीकडे साधारण १८ हजार गाड्या होत्या, त्या पुढे १५ हजारांच्या आसपास आल्या. ताफा आटला की पुण्या-मुंबईच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांना हात लावणे जड जाते. झळ बसते ती आडगावच्या फेरीला आणि मुक्कामी गाडीला.

आगाराचा हिशेब समजून घेतला तर आगार व्यवस्थापकाला नुसता दोष देता येत नाही. फेरी टिकते की जाते, हे भारमान आणि किलोमीटरमागे मिळणारे उत्पन्न पाहून ठरते. विद्यार्थ्याला मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत असते. म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच तो भरतो. उरलेली रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते आणि ती केव्हा येते हे आगाराच्या हातात नसते. परिणाम असा की साठ पोरे कोंबून भरलेली कॉलेजची फेरी रोजच्या रोकड भरण्यात रिकामीच वाटते. राज्यातली ही सर्वांत उपयोगी फेरी कागदावर सर्वांत गरीब दिसते. हिशेबाची ही पद्धत बदलल्याशिवाय निवेदने देऊन फार काही होणार नाही, असे मला वाटते.

सवलतींची रेषाही चुकीच्या जागी ओढलेली आहे. अहिल्यादेवी होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळेच्या मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या, त्यांचाही आधार बारावीपर्यंतच. या दोन्ही योजनांनी मुलींना आठवी-नववीत घरी बसण्यापासून वाचवले आहे, हे गावागावांत दिसते. पण बारावीनंतर, जिथे कॉलेज आणखी लांब जाते, जिथे लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात, नेमका तिथे पास फुकट राहत नाही. रेल्वेने ही रेषा वेगळी ओढली आहे. मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे विनामूल्य देते. म्हणजे रुळाकाठच्या गावातली मुलगी बी.ए. होईपर्यंत फुकट जाऊ शकते आणि पाटण, आटपाडी, सुरगाणा अशा, रेल्वे नसलेल्या तालुक्यांतली मुलगी अकरावी-बारावी फुकट जाऊन एफ.वाय.ला पैसे मोजू लागते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय मोठा आहे, आणि त्याचे स्वागत करताना मन भरून येते. पण इंजिनिअरिंगचे कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी असते. फी शून्य झाल्यावर बापाच्या हिशेबात उरतो तो खोलीभाड्याचा किंवा रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च, आणि आता निर्णय त्यावर अडतो.

पास काढणे हेही एकेकाळी एक काम होते. बोनाफाईड आणायचे, फोटो चिकटवायचा, रांगेत उभे राहायचे, दर महिन्याला एक दिवस त्यात जायचा. अलीकडे जूनमध्ये एसटीचे कर्मचारी शाळा-कॉलेजात येऊन पास देऊ लागले आहेत. छोटी सुधारणा, पण ज्याने कुणी सुचवली त्याला मुलांचा दिवस कसा जातो हे माहीत होते.

एसटी नसते तेव्हा काय होते, याची मोठी आणि कठोर परीक्षा २०२१ मध्ये झाली. कोरोनानंतर राज्यातली कॉलेजे २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली. पंधरवडा होतो न होतो तोच एसटीचा संप पेटला आणि तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. संपावरच्या कर्मचाऱ्यांच्या घरी काय चालले होते ते आठवले तर त्यांच्याविरुद्ध बोलवत नाही. पण कॉलेजच्या बाजूने पाहिले तर दीड वर्ष मोबाइलवर शिकलेली मुले वर्गात यायला निघाली आणि गाडीच नव्हती. त्या हिवाळ्यात सगळा भार वडापने उचलला.

वडाप साताऱ्या-सांगली-कोल्हापूरकडचे, मराठवाड्या-विदर्भात काळीपिवळी, कुठे टमटम, कुठे सिक्स सीटर. अनोळखी माणसांनी एक गाडी वाटून घ्यायची आणि भाडे माणशी द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे स्मार्टफोनच्या कितीतरी आधी रुळलेली आहे. हिचे व्याकरण पक्के आहे. गाडी भरली की सुटते, वेळेवर सुटत नाही. मागच्या बाकावर चारांच्या जागी सहा. ड्रायव्हरशेजारची जागा शिक्षकांना किंवा वयस्कांना. कॉलेजच्या मुलींचा यात आपला एक नियम असतो, तो कुणी शिकवलेला नसतो. एकटीने गाडीत बसायचे नाही. दुसरी येईपर्यंत थांबायचे, आणि दोघी झाल्या की मधल्या बाकावर खिडकीकडे बसायचे. गाडी भरून निघून गेली तरी चालेल, पण एकटी नाही. या थांबण्यात रोज जो वेळ जातो तो कुठल्याही वेळापत्रकात धरलेला नसतो.

तरीही वडापबद्दल विद्यार्थी चांगले बोलतात, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ड्रायव्हर ओळखीचा असतो. परीक्षेच्या दिवशी तो थांबतो. सुटे नसले तर उद्या दे म्हणतो. पाऊस असला तर वस्तीच्या तोंडापर्यंत आणून सोडतो. मोबाइल नंबर सगळ्यांकडे असतो आणि निघाला का, कुठवर आला, हे विचारता येते. एसटीला जे जमत नाही ते तो देतो. पण त्याच्या गाडीत पास चालत नाही, महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलतही चालत नाही. गाडी खासगी नोंदणीची असली आणि अपघात झाला तर आतल्यांच्या विम्याचा प्रश्न उभा राहतो. टपावर आणि मागच्या फळीवर लोंबकळणारी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. इतके सगळे माहीत असून ती मुले रोज त्यात बसतात, कारण वडाप येते. येण्याची खात्री ही सुरक्षिततेच्याही वर जाऊन बसली आहे, आणि याची काळजी वाटायला हवी.

गडचिरोलीत प्रश्न याच्याही मागे आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले, गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी. त्याआधी तिथल्या कॉलेजांचे विद्यापीठ नागपूरला होते. विद्यापीठ जवळ आले, पण एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला अहेरीहून एसटी सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. मुख्यमंत्री त्या दिवशी तिथे गेले होते. पहिली गाडी १९४८ ची आणि ही २०२५ ची. मधल्या काळात त्या पट्ट्यातून किती जण कॉलेजपर्यंत जाऊ शकले असतील, याचा विचार मनातून जात नाही.

आता शहर. पुण्यात पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपी झाली. १ जून २०२५ पासून तिचे दर वाढले, दिवसाचा पास ७० रुपयांचा आणि महिन्याचा १५०० रुपयांचा झाला. विद्यार्थ्यांचा मासिक पास मात्र ७५० वरच ठेवला, हे बरे केले. मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे. आकडे वाचून वाटते की शहरातल्या मुलांचे बरे चालले आहे, आणि खेड्याशी तुलना केली तर ते खरेही आहे. पण पुण्यात शिकणारी पुष्कळ मुले बाहेरगावची. त्यांनी खोली घेतलेली असते परवडेल तिथे, म्हणजे कॉलेजपासून लांब, आणि मेट्रोच्या स्थानकापासूनही लांब. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, मग दुमजली पुलाचे आणि मेट्रोचे काम सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या तो चौक खोदलेलाच पाहून पदवी घेऊन गेल्या.

फाटकाच्या आत गेल्यावरही प्रवास संपत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ८५३ एकरांचे. फाटकापासून विभागापर्यंत आणि विभागापासून वसतिगृहापर्यंतचे अंतर रात्री ग्रंथालयातून परतताना कळते. पुणे विद्यापीठात डिसेंबर २०१७ मध्ये स्मार्ट सिटीच्या योजनेतून भाड्याच्या सायकली आल्या. झाडांच्या सावलीतले रस्ते आणि तरुण मुले, सायकलसाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. दोनेक वर्षांत ती योजना विस्कटली. पवईला आयआयटीच्या आवारात फिरणाऱ्या छोट्या बसला मुलांनी टमटम नाव दिले, आणि ती टिकली. सायकलीचे दुकान कंपन्यांचे होते आणि टमटम संस्थेची आहे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आवारातली वाहतूक हा ग्रंथालयासारखा संस्थेचाच भाग मानला तर ती चालते.

ॲपच्या रिक्षांनी शहरातल्या मुलांना एक गोष्ट खरोखर दिली. तिघाचौघांनी मिळून रिक्षा बोलवायची, भाडे फोनवरच वाटून घ्यायचे, आणि गाडी कुठे आहे हे घरच्यांना पाठवून ठेवायचे. वसतिगृहाच्या मुलींना हे शेवटचे फार मोलाचे वाटते. पण बुक झालेली रिक्षा ऐनवेळी रद्द होते, पावसात भाडे फुगते, आणि परीक्षेच्या सकाळी दोन्ही एकदम होते. मोटारसायकलवरच्या प्रवासाची कथा आणखी गुंतागुंतीची. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना नसलेल्या बाइक टॅक्सीला थांबवले, राज्याने त्याच महिन्यात खासगी गाड्यांच्या अशा वापरावर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. २०२५ मध्ये सरकारनेच फक्त विजेवर चालणाऱ्या बाइक टॅक्सीचे नियम केले आणि भाडे ठरवले, पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरमागे १० रुपये २७ पैसे. मधल्या अडीच वर्षांत एकट्याने प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याचा हा स्वस्त पर्याय कधी चालू, कधी बंद, कधी चोरून असा होता. शेजारच्या गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरचा पायलट कित्येक दशके परवाना घेऊन माणसे नेतो आहे. आपण तिकडे जाऊन त्याच्याकडून शिकलो असतो तर ही वर्षे वाया गेली नसती.

प्रवासाचा शिक्षणावर नेमका काय परिणाम होतो, यावरचा मला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास दिल्लीचा आहे. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे गुण, त्या गुणांवर त्यांना कोणकोणती कॉलेजे मिळू शकत होती आणि तिथे जाण्याचे रस्ते किती सुरक्षित होते, हे सगळे एकत्र मांडून पाहिले. दिसले ते असे की रस्ता अधिक सुरक्षित असेल तर वरच्या दर्जाचे, हक्काने मिळू शकणारे कॉलेज सोडून मुली बऱ्याच खालच्या दर्जाचे कॉलेज स्वीकारतात, आणि मुलांपेक्षा कितीतरी जास्त पैसेही त्यासाठी मोजतात. म्हणजे गुणपत्रिकेत मिळवलेले बसच्या रस्त्यावर गमवावे लागते. आपल्याकडे हेच शाखेच्या निवडीत दिसते. विज्ञानाची प्रात्यक्षिके बऱ्याचदा दुपारी असतात, संध्याकाळी पाचपर्यंत चालतात. कला आणि वाणिज्य सकाळी सुटते. दहावीला गणितात उत्तम गुण असलेली मुलगी कला शाखेत का दिसते, हे विचारायला गेले की पुष्कळदा उत्तर आवडीचे नसते, गाडीच्या वेळेचे असते.

जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते, ती तिथल्या सत्राच्या तिकिटाची. विद्यापीठाची सत्राची वर्गणी भरली की त्यातच प्रवासाचे तिकीट येते. बस वापरणाराही भरतो आणि न वापरणाराही, म्हणून सगळ्यांना ते स्वस्त पडते. २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून अनेक विद्यापीठांत, सुरुवातीला महिन्याला २९ युरो ४० सेंटमध्ये, देशभरच्या बस आणि स्थानिक गाड्या विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या. तिथल्या विद्यार्थी संघटनांनी वाहतूक कंपन्यांशी वर्षानुवर्षे वाटाघाटी करून हे मिळवले. आपल्याकडे विद्यार्थी संघटना स्थानकात रास्ता रोको करतात, आगार व्यवस्थापक बाहेर येऊन निवेदन घेतात, आठवडाभर एक जादा फेरी धावते, परीक्षा आल्या की आंदोलनही विरते आणि फेरीही. पोरांचा राग खराच असतो. त्यांना वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची मिळालेली नसते.

ती खुर्ची मिळेल तेव्हा मिळो. कॉलेजला आपल्या हद्दीत आजही बरेच करता येते. वेळापत्रक लावताना शिक्षकांच्या सोयी पाहिल्या जातात, खोल्या पाहिल्या जातात, प्रयोगशाळा पाहिल्या जातात. आगाराचे वेळापत्रक त्या टेबलावर नसते. ते आणून ठेवावे. प्रवेश अर्जात गावाचे नाव असतेच, त्याखाली गावाला जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्यावी. सगळ्या अर्जांतली ती वेळ एकत्र केली की प्राचार्यांच्या हातात आगारापुढे ठेवायला एक पक्की यादी येते: अमुक रस्त्यावर इतकी मुले, अमुक वेळेला, वर्षभर. मोघम निवेदनापेक्षा आगार व्यवस्थापकालाही हीच यादी वरती दाखवता येते. प्रात्यक्षिकांच्या बॅचेस आज हजेरी क्रमांकाने पडतात, पहिले वीस एका बॅचला, पुढचे वीस दुसऱ्या. त्या गाडीच्या वेळेने पाडाव्यात. सर्वांत लांबच्या, सर्वांत लवकर गाडी सुटणाऱ्या गावांची नावे आधी सकाळच्या बॅचमध्ये घालावीत, आणि तालुक्यातच राहणाऱ्यांना दुपारची द्यावी. याला सरकारची मंजुरी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. विभागप्रमुख आणि कार्यालयातला एक लिपिक मिळून ही यादी एका दुपारी करू शकतात, आणि ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात, प्रवेश पूर्ण व्हायच्या सुमारास करायला हवी.